दोन पिशव्यांची शिवण

आखाती राजधानीतल्या ओलाया भागातल्या ऑफिसात स्मृतीचं काम सांगायला सोपं होतं. शेतीचे चांगले प्रयोग शोधायचे, त्यांना निधी मिळवून द्यायचा आणि निधी देणाऱ्यांना माती समजावून सांगायची. शेवटचं सगळ्यांत अवघड. आलेख दाखवले की लोक मान डोलवत आणि फोन काढत.

म्हणून शहराबाहेर, अल खर्जच्या खजुराच्या बागेत तिने कापड पुरलं. बागेच्या एका भागात शेणाचं कंपोस्ट घालून झाडांमध्ये हिरवं पीक वाढवलं होतं. दुसरा भाग नेहमीसारखा उघडा. दोन्हीकडे एकेक पांढरी पिशवी. माती जिवंत असली की सूक्ष्मजीव सुती कापड खाऊन टाकतात. पिशव्या शिवल्या होत्या स्मृतीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या दापोलीच्या साबिराभाभींनी.

आज संस्थेच्या विश्वस्त नूरैन बागेत आल्या होत्या. प्रयोगाला आणखी एक वर्ष द्यायचं की खलास, हे त्या ठरवणार होत्या.

उघड्या भागातली पिशवी अख्खी निघाली. मग स्मृतीने कंपोस्टच्या मातीत हात घातला आणि कापड बाहेर काढलं. इथलंही कापड शाबूत, नुसतं मळलेलं.

"हे धुऊन वापरता येईल," नूरैन म्हणाल्या.

स्मृतीने कापड बोटांत चोळलं. थोबच्या, म्हणजे अरबी पुरुषांच्या पांढऱ्या झग्यांच्या, कापडाच्या दुकानात तिने "कॉटन?" विचारलं होतं, दुकानदाराने होकारार्थी मान हलवली होती. एक धागा जाळून पाहिला असता तरी कळलं असतं. मातीचे नमुने तीनतीनदा तपासणारी ती, कापड मात्र नुसत्या भरवशावर घेऊन आली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "हे पॉलिस्टर आहे. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

तिला नोकरीवर घेणाऱ्या हेमलता मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्या वाकल्या. "स्मृती, पुरली होतीस ती पिशवी ना? मग तुझ्या हातात दोन तुकडे कसे?"

स्मृतीने तिथूनच फोन लावला. "भाभी, शिवायला दोरा कुठला वापरलात?"

"गावाहून आणलेला, सुती. का गो, उसवली?"

"एकच उसवली."

नूरैननी दुसरी पिशवी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. शिवण सुटली नाही. उघड्या मातीने दोऱ्याला हात लावला नव्हता. कंपोस्टच्या मातीने तो फस्त केला होता.

"एका दोऱ्यावर मी काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी भरपूर पिशव्या पुरा. कापड मात्र मी पाठवते."

परतताना गाडीत स्मृती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाकून पाहिलं नसतं तर..."

"तू आधी चूक कबूल केलीस, म्हणून त्या थांबल्या. नाहीतर मला वाकायला वेळ कुठला?"

संध्याकाळी बागेतल्या खजुराचा डबा घेऊन स्मृती साबिराभाभींच्या दारात उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी शिवण गेली म्हणून मला खजूर?" भाभी डबा घेत म्हणाल्या. "ये आत. पुढच्या पिशव्या किती, ते सांग."