अकरावी पट्टी

आमची पट्टी प्लास्टिकची, कागदाइतकी पातळ. तिच्यात मुरवलेलं रसायन पाण्यातलं तांबं ओढून घेतं. पण ते रसायनच हळूहळू पाण्यात झिरपून जातं आणि मागे उरतं नुसतं प्लास्टिक. दोन वर्षं मी यावर डोकं आपटत होते. एकही पट्टी दहा दिवसांच्या वर टिकत नव्हती. शेवटची लावताना मी म्हणाले, "तात्या, हीसुद्धा गेली तर मी हे काम सोडते."

तात्या म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने मदतनीस.

ती पट्टी अकरा आठवडे टिकली. रोज सकाळी पाणी बदलून तात्या म्हणायचे, "बघ पोरी, ठणठणीत आहे." मी हुरळून अहवालही धाडला.

मग एका रविवारी तात्या गेले. चार दिवसांत पट्टीनं मान टाकली.

आज त्यांचा खण आवरायला घेतला. चष्म्याच्या डबीखाली मीच बनवलेला, त्याच प्लास्टिकचा मोठा पापुद्रा होता. त्यातून दहा पट्ट्या नीट कापून घेतलेल्या. अकरावी पेन्सिलीनं नुसती आखलेली होती आणि तिच्यावर तारीख, ते आलेच नाहीत त्या सोमवारची.

"तात्या, काय करून बसलात हे!" मी रिकाम्या खुर्चीवर ओरडले.

मग अहवाल मागे घ्यायचा अर्ज भरला. कारण लिहिलं: दर सोमवारी पट्टी बदलली जात होती. कोणी बदलली, तो रकाना बराच वेळ कोरा राहिला.

तिथे मी माझं नाव लिहिलं.