ड्रायर आमचाही आहे

आमच्या गावात कपडे बाहेर वाळत घालणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर वेडा. टास्मानियाच्या या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस थांबतो तो फक्त दम खायला. त्यामुळे आमच्या फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, क्लबात करंडकांच्या कपाटाखालोखाल मान कुणाला असेल, तर तो ड्रायरला.

या वर्षी हंगाम सुरू झाला आणि हा ड्रायर आम्हा बायकांच्या टीमच्या जर्सी ओल्याच बाहेर काढायला लागला. गरम, वाफाळत्या, पण ओल्या. शनिवारी सकाळी त्या अंगात घालताना अशी शिरशिरी यायची की विचारू नका. पुरुषांच्या जर्सी मात्र खडखडीत कोरड्या. मशीन तेच, साबण तोच, चिखलही त्याच मैदानावरचा.

क्लबचा अध्यक्ष मर्व्ह ट्रिफिट. त्याने मशीनकडे न बघताच निदान केलं.

"तुम्ही पोरी मशीन ठासून भरता."

"मर्व्ह, चाळिशी ओलांडलीय मी. मला पोरी म्हणू नकोस, आणि कपडे कसे वाळवायचे ते तर मुळीच शिकवू नकोस."

"बघ लॉरेल, लगेच चिडलीस. अगं, दोन टीमचं ओझं त्या मशीनला झेपत नाही. गुरुवारी जेवणानंतर समितीपुढे ठेवतो. पुढच्या हंगामापासून क्लबात एकच टीम."

कुठली, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

माझं टाळकंच सरकलं. मी टीमची कॅप्टन. पहाटे उठून बेकरीत पाव भाजते. माझी मैत्रीण ब्रॉनी खाणीत ट्रक चालवते. बाकीच्यांमध्ये कुणी शाळेत शिकवतं, कुणी म्हाताऱ्या सासूचं अंथरूण-पांघरूण करतं. आठवडाभर सगळ्या जगाची कामं उपसल्यावर शनिवारचा तेवढा खेळ आमचा असतो. तो हा बाबा एका ड्रायरचं निमित्त करून काढून घेणार? अजिबात नाही.

गुरुवारी दुपारीच मी आणि ब्रॉनी क्लबात जाऊन धडकलो. आधी धागे अडकतात ती जाळी काढून पाहिली. स्वच्छ होती. मग मशीनमध्ये फक्त तीन जर्सी टाकल्या आणि वाट बघत बसलो. मशीन तापत होतं, फिरत होतं, आणि खोलीच्या भिंतींना घाम फुटला होता. जर्सी बाहेर काढल्या तर ओल्याच.

"घ्या, ठासून भरलेलं मशीन!" ब्रॉनी म्हणाली. "तापतंय, फिरतंय, मग वाफ जातेय कुठे?"

आम्ही दोघींनी रेटून मशीन पुढे ओढलं आणि मागचा पाइप सोडवला. पाइपही मोकळा. मग पाइप न लावताच मशीन चालू केलं. सगळी वाफ आणि धाग्यांचा भुगा आमच्या तोंडावर! ब्रॉनीचे केस पांढरे झाले, पण जर्सी कुरकुरीत वाळल्या. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. घोळ भिंतीच्या पलीकडे होता.

पावसातून मागच्या बाजूला गेलो. जिथे वाफ बाहेर पडायचं भोक हवं, तिथे भला मोठा लाकडी फलक होता. 'विजेते १९९४', खाली सगळी नावं, आणि मधोमध हाताची घडी घातलेला तरुण मर्व्ह, माणसाहून मोठा रंगवलेला. हंगामाआधी पुरुषांनी श्रमदान करून हा फलक लावला होता. श्रमदान म्हणजे आमच्याकडे भाजलेले सॉसेज, बियर आणि ज्याच्या हाती सापडेल त्याने ठोकलेले स्क्रू. भोकावरची पत्र्याची झडप मध्ये येत होती, म्हणून त्यांनी ती सरळ उपटली होती. ब्रॉनीला ती गवतात सापडली.

मला एवढा आनंद झाला की मी त्या चित्रातल्या मर्व्हला चापट मारली. मग ब्रॉनीने विचारलं, "पण मग पुरुषांच्या जर्सी कशा वाळतात?" मी झडप काखेत मारली आणि आत गेले.

संध्याकाळी हॉल भरला. मटणाची रॅफल, म्हणजे बक्षिसाची सोडत, झाली, सॉसेज आणि बटाट्याच्या ताटल्या फिरल्या, आणि मर्व्ह उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत मी ती झडप त्याच्यापुढे आदळली.

"ड्रायर बरा आहे. तुझ्या फलकाने त्याचं नाक दाबलंय."

लोक हसले. मर्व्ह नाही हसला.

"असं? मग आमच्या जर्सी कशा वाळतात गं? त्यांना काय वेगळं ऊन लागतं?"

आता त्याच्या बाजूचे हसले. माझे कान तापले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"माझ्या घरी वाळतात."

ग्लेनिस. मर्व्हची बायको. पुरुषांच्या जर्सी दर रविवारी क्लबात तीच धुते. हातातल्या पळीसकट ती बाहेर आली.

"हंगाम सुरू झाल्यापासून ओल्या जर्सी पोत्यात भरून घरी नेतेय मी. शेगडीभोवती खुर्च्या मांडून वाळवते. तू त्याच खोलीत टीव्ही बघतोस मर्व्ह. खुर्चीवरची जर्सी उचलतोस, जमिनीवर टाकतोस आणि बसतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण तू म्हणाला असतास, ग्लेनिस मशीन ठासून भरते."

मर्व्हने घसा खाकरला. "फलक उतरवायचा तर ठराव लागेल. पुढच्या बैठकीत बघू."

"उतरवायचा कशाला?" मी म्हटलं. "नुसतं भोक पाडू."

ब्रॉनी तोवर गाडीतून गोल करवत लावलेलं ड्रिल घेऊन आलीसुद्धा. सगळा हॉल ताटल्या घेऊन पावसात निघाला. आतून माप घेऊन आलो, तर जागा नेमकी चित्रातल्या मर्व्हच्या पोटावर आली. खरा मर्व्ह हात पसरून आडवा उभा राहिला.

"हा इतिहास आहे!"

पुरुषांचा कॅप्टन क्रेग पुढे झाला. "आता जर्सी तू नाही घालत, मर्व्ह. आम्ही घालतो. सरक."

मर्व्ह सरकला. ग्लेनिसने ब्रॉनीसमोर हात केला. "आण इकडे ते." आयुष्यात तिने ड्रिल धरलं होतं की नाही कोण जाणे, पण दात-ओठ खाऊन ते तिने असं दाबलं की लाकडाची चकती उडून चिखलात पडली. आत मी पाइप परत जोडून मशीन सुरू केलं आणि बाहेर आले, तर चित्रातल्या पोटातून पांढरी वाफ भकाभका निघत होती. टाळ्या वाजल्या. मी शीळ घातली.

मर्व्ह अजून अध्यक्षच होता. तिथेच पावसात उभा राहून त्याने विचारलं, "क्लबात एकच टीम ठेवावी असं कुणाला वाटतं? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मर्व्हचा स्वतःचा अर्धा वर गेला. ग्लेनिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याच हाताने त्याने टोपी नीट केली.