दोन वर्तुळांमधली जागा

माझ्या नाकावर कायम राग, असं अख्खी शाळा म्हणते. म्हणू दे. बावीस वर्षं पाचवीला शिकवून बघा, मग कळेल. पण एक गोष्ट माझे शत्रूसुद्धा मान्य करतील, माझ्या वर्गातली पोरं पोपटपंची करत नाहीत. मी त्यांना विचार करायला लावते, आणि तोही कागदावर, आकृती काढून. कारणं शोधायची तर माशाचा सांगाडा काढायचा, डोक्यात घटना आणि काट्यांवर कारणं. दोन गोष्टींची तुलना करायची तर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. डावीकडे एकीचं वेगळेपण, उजवीकडे दुसरीचं, आणि मधल्या जागेत दोघींत सारखं असेल ते.

यात माझे स्वतःचे दोन नियम होते. पहिला, पान एकदा काढलं आणि संपलं असं नाही. त्याच पानावर दर सोमवारी नव्या रंगाने भर घालायची. बदललं ते खोडायचं, सारखं झालं ते मधे आणायचं. म्हणजे पोराचा विचार कसा वाढला ते रंगांवरून दिसतं. दुसरा, पान घरी न्यायचं आणि मंगळवारी पालकांची सही घेऊन यायचं. हा दुसरा नियम मला कुणी सांगितला नव्हता. माझीच हौस. आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"रोज बघता अशा दोन गोष्टी घ्या," मी सांगितलं होतं. एका पठ्ठ्याने सायकल आणि आजोबा घेतले. मधे लिहिलं, 'दोघांना तेल लागतं, दोघं चढावर थांबतात, दोघं सकाळी कुरकुरतात.' रागवायला तोंड उघडलं आणि हसूच आलं.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. अंगाने काडी, कानामागे सदा पेन्सिल खोचलेली, म्हणून वर्ग तिला पेन्सिलच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तिची आई घरातल्या जिन्यावरून पडून गेली. वर्ष झालं, वडिलांनी दुसरं लग्न केलं. वडिलांचं चौकात चष्म्याचं दुकान. माझ्या डोळ्यांवरचा चष्मा त्यांनीच केलेला. इतका सभ्य माणूस की काडी कानावर बसवतानासुद्धा "हात लावू का?" विचारणार. ते पालक संघाचे अध्यक्षही होते.

पेन्सिलने वर्तुळांवर लिहिलं, 'आई' आणि 'नवी आई'.

आईच्या वर्तुळात चार ओळी होत्या. नोकरी सोडली होती. फोन नव्हता. दुपारभर झोपायची. जिन्यावरून पडली. नव्या आईचं वर्तुळ कसं ठासून भरलेलं! बँकेत नोकरी करते, बहिणीशी रोज फोनवर बोलते, गाडी चालवते, मला पोहायला नेते. मधे एकच ओळ होती, 'दोघींना माझी वेणी घालता येत नाही.'

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, खोटं कशाला बोलू. पण शेवटी मी मास्तरीण. लाल शाईने शेरा मारला, 'छान. पण मधली जागा फार रिकामी आहे. साम्य शोधायला डोकं लागतं. आणखी बघ.'

तिने बघितलं. दुसऱ्या सोमवारी निळ्या रंगाने नव्या आईची बँक खोडलेली, आईच्या बाजूचीही नोकरीची ओळ खोडलेली, आणि मधे 'दोघींनी नोकरी सोडली'. मी लिहिलं, 'वा!' तिसऱ्या सोमवारी हिरव्याने बहीण खोडली, मधे आलं, 'दोघींकडे फोन नाही. नव्या आईचा फोन बाबा दुकानात घेऊन गेले.' मी चांदणी दिली. हो, चांदणी! चौथ्या सोमवारी तपकिरी रंगाने गाडी आणि पोहणं, दोन्हींवर काट. मधे, 'दोघी दुपारभर झोपतात. बाबा गोळी देतात.'

मंगळवारी मधल्या सुट्टीत प्रदर्शनासाठी पानं निवडत होते. पेन्सिलचं पान सगळ्यात वर ठेवलं, रंग किती नीट वाढलेत ते पालकांना दाखवायला. टाचणी हातात घेतली आणि हात तिथेच थांबला. उजवं वर्तुळ रिकामं झालं होतं. डाव्या वर्तुळात एकच ओळ खोडायची राहिली होती.

जिन्यावरून पडली.

पानाच्या खाली चार सह्या, चार मंगळवारच्या, मोत्यासारख्या. चौथ्या सहीशेजारी बारीक अक्षरात शेरा होता, 'मुलीचं निरीक्षण उत्तम आहे. आपले आभार.'

पान घेऊन तडक हेडसरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"बाई, मुलांच्या चित्रांवरून आपण संसार तपासायला लागलो तर शाळेला कुलूप लावावं लागेल."

"सर, यात चित्र कुठे आहे? साध्या ओळी आहेत."

"बायका नोकरी सोडतात, दुपारी झोपतात. राईचा पर्वत करू नका. शुक्रवारी पालकसभा आहे, ते येतील, तेव्हा हळूच विषय काढा."

एरवी मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण खरं सांगते, मीही कचरले. उद्या काहीच नसलं तर तोंड कुठे लपवू? चारचौघांतला माणूस, आणि मी कोण, तर खडूस बाई. शुक्रवार तीन दिवसांवर आहे, असं मनाला समजावलं आणि घरी जाऊन जेवलेसुद्धा.

बुधवारी सकाळी पहिल्या तासाला पोरांना वाचायला लावलं आणि पेन्सिलला टेबलाशी बोलावलं.

"अगं, हे पान बाबा वाचतात का, की नुसती सही करतात?"

"वाचतात ना बाई. दोनदा. मग विचारतात, अजून काय काय दिसतं तुला?"

"नवी आई वाचते?"

"तिला नाही दाखवायचं, म्हणाले." ती बोटाने टेबलाची कड घासत होती. "काल त्यांनी विचारलं, जे तुला दिसतं ते तुझ्या बाईंना दिसतं का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नाही. बाई फक्त वर्तुळं तपासतात."

ती तक्रार करत नव्हती. शांतपणे सांगत होती, जे होतं ते. चार आठवडे ही पोर मला पानावर लिहून हाका मारत होती, आणि मी तिला चांदण्या वाटत होते. चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं ते पान दर सोमवारी मीच त्याच्या हातात पाठवत होते. मी फोन शोधायला पर्स उघडली. शुक्रवार गेला खड्ड्यात, हेडसरही गेले खड्ड्यात.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पेन्सिलचे बाबा. शर्टाला इस्त्री, केस नीट विंचरलेले.

"माफ करा बाई, तासात व्यत्यय आणतोय. हिला न्यायला आलोय." आवाज खाली आणत ते म्हणाले, "घरी जरा वाईट झालंय. हिची आई सकाळी जिन्यावरून पडली."

बेचाळीस पोरं वाचायची थांबली.

पेन्सिल रडली नाही. दप्तराकडेही गेली नाही. तिने माझ्या टेबलावरचं पान पुढे ओढलं, डब्यातून जांभळा रंग निवडला, डाव्या वर्तुळातली शेवटची ओळ पट्टीने सरळ खोडली आणि मधे, जेमतेम उरलेल्या जागेत, ती लिहिली. मग पान माझ्याकडे सरकवलं. तपासायला.

"ते पान द्या ना बाई," बाबा हात पुढे करत म्हणाले. "नव्या ओळीची सही राहिलीय."

मी पान घडी करून पोलक्यात खुपसलं. पेन्सिलला दंडाला धरून माझ्या मागे उभं केलं. आवाज माझाच निघाला, अख्ख्या शाळेला माहीत असलेला.

"आता सही लागणार नाही," मी म्हटलं आणि फोनवर पोलिसांचा नंबर फिरवला. "मुलगी इथेच थांबेल. तुम्हीपण थांबा."

ते हसले. तेच सभ्य हसू. आणि आत येऊन त्यांनी वर्गाचं दार हलकेच मागे लोटलं.

"थांबतो की," ते म्हणाले. "पण बाई, तुमचा चष्मा वाकडा बसलाय. हात लावू का?"