उन्हाची बारी

"म्हस उन्हात आन डबड्याला कूलर," गोठ्याच्या दारात उभी राहून सरूबाई म्हणाली. "काय डोस्कं चालवलं रं, विश्वजीत."

आत तिचा पुतण्या खाटेवरच्या दोन मशिनींपुढं बसला होता. पिठाची गिरणी चालावी तसा आवाज. शेजारी तिचा नवरा सांडू. मशिनीला हळदकुंकू लावून तो पोराच्या मोबाईलमधल्या आकड्याकडं हात जोडल्यासारखा बघत होता.

विश्वजीत ही यंत्रं संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये चालवायचा. यंत्रांनी रात्रंदिवस गणितं सोडवायची आणि त्याबदल्यात मोबाईलमध्ये कधीतरी एखाद्या डिजिटल नाण्याचा तुकडा पडायचा, असा तो धंदा. नाण्यापेक्षा विजेचं बिल मोठं व्हायला लागलं, तेव्हा त्याला सिल्लोडजवळच्या काकाचा सौर पंप आठवला. एरवी दिवाळीलाही काका आठवत नसे.

विहीर आणि पंप सांडूचा नि शेजारच्या इलियासचा, सामाईक. एक दिवस याची बारी, एक दिवस त्याची. सांडूच्या बारीला आता पॅनलची वायर पंपाऐवजी गोठ्यात जायची. इकडं नुकतीच लावलेली अद्रक कोरड्या ढेकळांत पडलेली. जे कोंब वर आले होते ते शेंड्याला करपले होते. आजची बारी हुकली तर मातीतलं बेणंही वाळणार होतं.

"काकू, ऊन फुकट जातंय. मी त्याचा पैसा करतोय."

"मंग अद्रक काय चांदण्यात पिकती व्हय?"

"तुला त्यातलं नाय कळायचं," सांडू म्हणाला.

"तुमाला कळलं?"

सांडूनं मशिनीवरचं कुंकू बोटानं सारखं केलं. "पोरगं शिकेल हाय," म्हणाला.

सरूबाई तिथं थांबलीच नाही. बांधावर इलियास खुरपत होता.

"इलियासभाऊ, बारी असून पाणी उपसलं नाय तर ती बारी कुणाची?"

"दुसऱ्याची. अब्बाच्या टायमापासून तसंच हाय, भाभी."

"मंग आमची आजची बारी तुमची झाली. चला, वायर काढा."

इलियासनं खुरपं खाली ठेवलं. लई दिवसांनी मनासारखं काम मिळालं होतं.

त्यानं वायर काढली तशी गिरणी मुकी झाली. विश्वजीत धावत बाहेर आला. "अहो, आज आमची बारी आहे!"

"हौ. मग पाणी कुटं हाय? बारी पाण्याची असती भैया, उन्हाची नाय."

"काका, सांगा ना यांना."

सांडूनं आधी इलियासकडं बघितलं, मग विहिरीकडं. हा नियम त्याच्या बापानंच घालून दिला होता.

"नियम तसाच हाय," तो पुटपुटला.

पंप सुरू झाला. इलियासनं आपल्या शेताकडचा कॉक बंद केला आणि अद्रकीकडचा उघडला. "माझं पाणी मी कुणालाबी देईन," तो म्हणाला. नळ्या फुगल्या, ढेकळांवर थेंब पडायला लागले, कोरड्या मातीचा रंग बदलला.

"काकू, एवढ्यात सगळं जग पुढं निघून गेलं," विश्वजीत कळवळून म्हणाला.

"जाऊ दे की. तू तर हितंच हायस ना? ती नळी धर, जोड सुटायलाय."

त्यानं एका हातात मोबाईल तसाच ठेवून दुसऱ्यानं नळी धरली. पाण्याची चिळकांडी त्याच्या पांढऱ्या बुटांवर उडाली.

"दोन्ही हातानं," सरूबाई म्हणाली.