गांगसा ओलांडली तेव्हा

त्या रविवारी मी गांगसा ओलांडली, आणि मंडपातल्या सगळ्या बायकांची बडबड एकदम थांबली.

मुद्दाम नाही हो केलं. देवळाच्या उत्सवासाठी आम्हा बायकांच्या वाद्यमेळाचा सराव नुकताच संपला होता. घरी दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यासाठी नारळाच्या पानांचे द्रोण करायचे होते, पहाटे उठून टपरीचा भात चढवायचा होता आणि मांडी घालून बसून पाय लाकूड झाले होते. उठले, वळसा घालायचा कंटाळा आला, लुंगी गुडघ्यापर्यंत धरली आणि टाकली टांग सरळ वाद्यावरून. आमच्या बालीत रांगणारं पोरसुद्धा असं करत नाही. वाद्यात देव बसलेला असतो, त्याच्या डोक्यावरून पाय नेत नाहीत. ही अक्कल मला या वयात कुणी शिकवायची?

"अगं बाई, वार्सिकी!" मागून कोणीतरी म्हणालं.

लानुस गुरुजी ढोलाशी बसले होते. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "उत्सवाच्या आधी फुलं आण आणि गांगसेची माफी माग." मी मान खाली घालून चपला शोधल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "सोड ना मग वाजवणं. कोण हात धरून बसवतंय? राजाकडून बोलावणं येणार आहे का तुला?"

"तू भात गीळ," मी म्हटलं. पण बोचलं. कारण गेली दोन वर्षं मी स्वतःशी हेच म्हणत होते. दिवसभर टपरीवर उभं राहायचं, ताटं वाढायची, मिरच्या चिरायच्या, गिऱ्हाईकाचं ऐकून घ्यायचं. आठवड्याला एक दुपार रिकामी मिळते, तीही हातोडी आपटण्यात घालवायची. खांदा दुखतो. नव्या पोरी आल्यात, त्या माझ्या दुप्पट वेगात वाजवतात आणि वर गालात हसतात. जीव नकोसा होतो अगदी.

तरी सोडत नव्हते, ते रिंतेनमुळे. गांगसा म्हणजे लाकडी घोडीवर बसवलेली काशाच्या पट्ट्यांची रांग, उजव्या हातातल्या हातोडीने वाजवायची आणि डाव्या हाताने लगेच पट्टी चिमटीत धरून तिचा आवाज थांबवायचा. पण ती एकटीने वाजवायची नसते. एक चाल दोघींत वाटलेली असते. माझे सूर जिथे नाहीत तिथे रिंतेनचे, तिचे नाहीत तिथे माझे. दोघींनी वाजवलं की धार लागते. एकटीचं ऐकलंत तर दात पडलेल्या फणीसारखं, मध्ये मध्ये नुसती भोकं. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसलोय. मी उठले की तिच्या हातात ती भोकंच उरणार. नवरा गेला तिचा, मुलगा जहाजावर नोकरीला, घरात बोलायला एक डुक्कर. रविवार सोडला तर त्या बाईला आहे काय? म्हणून मी रेटत होते.

पण आता वाद्यच ओलांडलं म्हटल्यावर मला ती सोडायची खूणच वाटली. ठरवलं, माफी मागायची, हातोडी ठेवायची आणि मोकळं व्हायचं. फक्त आधी रिंतेनला सांगायचं. तेच अवघड होतं.

शनिवारी दुपारी फुलांची टोपली घेऊन तिच्या अंगणात गेले. ती डुकरासाठी केळीचा बुंधा चिरत बसली होती.

"म्बोक," मी म्हटलं. ती माझ्याहून थोरली, मी तिला ताईच्या नात्याने म्बोक म्हणते. "एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सोडतेयस ना?" तिने सुरा थांबवलासुद्धा नाही.

"तुला कोण बोललं?"

"टांग टाकलीस तेव्हाच कळलं. परत येऊन बसायचं असतं ती वळसा घालते."

मला एकदम भडभडून आलं. "मी कधीच सोडलं असतं गं! तुझ्यासाठी ओढत होते. म्हटलं, मी नसले तर ही एकटी काय वाजवणार?"

आता सुरा थांबला. "माझ्यासाठी?"

"मग काय नवऱ्यासाठी?"

ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. "हे बघ गं. मागच्या उत्सवापासून हातोडी धड धरवत नाही. गुरुजींना सांगायला दोनदा निघाले आणि दारातून परत आले. म्हटलं, वार्सिकी बिचारी दिवसभर त्या टपरीवर मरते, तिला एवढाच एक तास आहे. मी गेले तर तिचं काय होईल?"

"म्हणजे तू माझ्यासाठी येत होतीस?"

"आणि तू माझ्यासाठी. काय अक्कल आहे दोघींची!"

ती हसत होती, पण मला हसू येईना. राग आला. ही बया माझी कीव करत होती! मी हिची करत होते ते ठीक, पण हिने माझी करावी? बिचारी म्हणे! मी फुलांची टोपली काखेत मारली.

"चल," ती हात धूत म्हणाली. "तुझी माफी मागून होऊ दे. मीही माझी हातोडी ठेवते. सुटलो दोघी."

मंडपात कोणी नव्हतं. मी गांगसेपुढे फुलं ठेवली, पाणी शिंपडलं, हात जोडले. चुकले गं, म्हटलं, दमले होते. मग हातोड्या पेटीत ठेवायच्या तर रिंतेन म्हणाली, "एकदा वाजवू या का? आता कुणावर उपकार नाहीत."

तिला खाली बसायला वेळ लागत होता, म्हणून मी आधीच सुरू केलं. माझा अर्धा भाग नुसता लंगडत चालला होता. मग तिचा सूर पडला, नेमका माझ्या भोकात, आणि चाल धावायला लागली. अंगावर काटा आला. अकरा वर्षं मी समजत होते की मी हिची भोकं भरतेय. माझी कोण भरत होतं, हे डोक्यात आलंच नव्हतं.

मधल्या वळणावर, जिथे आम्ही नेहमी घसरतो, तिथे घसरलोच. तिची बोटं अडली, माझा खांदा अडला, दोघींचे सूर एकमेकांवर आदळले.

"पुन्हा," मी म्हटलं.

रिंतेन म्हणाली, "कुणासाठी?"

"गप बस आणि वाजव."

पुन्हा घसरलो. तिसऱ्यांदा कसंबसं पार झालो, बऱ्याच हळू, पोरींनी ऐकलं असतं तर पोट धरून हसल्या असत्या. शेवटचा सूर पडला आणि दोघींचे डावे हात एकाच वेळी पट्टीवर गेले. आवाज थांबला. रिंतेन बोटं चोळत बसली. माझ्या खांद्यातून कळा येत होत्या. काही बरं झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू? दमलेली मी तशीच दमलेली होते. फक्त एवढा वेळ कुणी मला भात वाढ म्हटलं नव्हतं आणि मला त्याची आठवणही झाली नव्हती.

"उद्या येशील?" मी विचारलं.

"हात कसा आहे ते बघून. माझी वाट बघू नकोस."

"मी कशाला बघतेय तुझी वाट? मी माझी येणार."

"ये की. मीही आले तर माझी येईन."

हातोडी मी पेटीत ठेवली नाही, कमरेला खोचली. उठले तर पाय पुन्हा लाकूड झालेले. दार समोरच होतं, मध्ये फक्त गांगसा. मी खांब धरला, सगळ्या वाद्यांच्या रांगेला लांबून वळसा घातला, आणि लंगडत घरी भात चढवायला गेले.