आधी समोरच्याचं

प्रेमिलाला सातवा सरत आला तरी तिला माहेरी न्यायला कोणी आलं नव्हतं. येणार तरी कोण? भाऊ नव्हता, आई एकटी यायची नाही. बाप होता, पण तो जरीपटक्याच्या अलीकडच्या वस्तीत आपल्या मागावर हटून बसला होता. सासर नंदनवनात, म्हणजे सायकल-रिक्षाने फार तर तासाभराचं अंतर. पण धोंडबाने सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं की, व्याही चार लोकांत येऊन गोळीबार करणं चुकलं असं सांगत नाहीत तोवर मी त्यांची पायरी चढणार नाही, त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही. आणि व्याही, म्हणजे आनंदराव हवालदार, तेही काही कमी नव्हते. हुकूम होता, नोकरीत होतो, दगड आधी आले, मी काय म्हणून सांगू, हे त्यांचं उत्तर. झालं. दोन म्हातारे रुसून बसले आणि मधल्या मधे ही बिचारी, पोटावर हात ठेवून वाट बघत.

गोळीबार वैशाखातला. दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनच्या दुकानावर मिलो मिळायची, ती लाल परदेशी ज्वारी, जिची भाकरी थापताना फाटायची आणि गिळताना घशाला लागायची. तीसुद्धा मिळेना, तेव्हा एके दिवशी रांगेचा गोंधळ झाला, गोंधळाचा दंगा झाला, आणि पोलिसांनी बंदुका चालवल्या. रांगेतला एक हमाल जागीच गेला. धोंडबाच्या पोटरीतून गोळी आरपार गेली. बंदूकवाले सहा होते आणि त्या सहांत आनंदराव होते. जून अखेरीस ते निवृत्त झाले. पण त्यामुळे काय फरक पडतो? खाकी उतरली, अबोला तसाच राहिला.

बरं, हे दोघे काही मुळातले व्याही नव्हते. मुळात ते दोस्त. छप्पन साली धम्मदीक्षेच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या दुकानांत पांढरं कापड शोधून सापडेना, तेव्हा धोंडबाने मागावरचं पांढरं लुगडं पुरं व्हायच्या आधीच कापलं. अर्धं स्वतः घेतलं, अर्धं शेजारच्या शिपायाला दिलं. तो शिपाई म्हणजे आनंदराव. पुढे त्यांच्या विश्वनाथला धोंडबाची एकुलती एक पोर केली, तेव्हा वस्तीला नवल वाटलं नव्हतं. विश्वनाथ रेल्वेत होता. त्याची ड्यूटी लांब आमल्याला, त्यामुळे भांडण सोडवायला तोही हाताशी नव्हता.

तिकडे सगळं नागपूर या गोळीबारावर वाद घालत होतं. वर्तमानपत्रात पत्रं येत होती. कोणी म्हणे महागाईने माणूस बिथरला, कोणी म्हणे पुढाऱ्यांनी चिथावलं, कोणी सगळं सिनेमावर लोटून मोकळं झालं. उन्हाने लोकांची डोकी फिरली असंही एका विद्वानाने लिहिलं, जसं काही नागपूरला ऊन त्याच वर्षी पडलं. पानठेल्यावर, न्हाव्याकडे, कचेरीत, जो तो आपलंच म्हणायचा आणि दुसऱ्याचं संपायच्या आत पुन्हा आपलंच म्हणायचा. ज्याच्या घरचा माणूस त्या रांगेत नव्हता आणि बंदुकीमागेही नव्हता, त्याचा आवाज सगळ्यात मोठा.

एका दुपारी हे सगळं वाचून प्रेमिलाला भैय्याजी आठवले. भैय्याजी म्हणजे तिच्या माहेरच्या वस्तीतले निवृत्त मास्तर. वाचनालय चालवायचे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे वादसभा घ्यायचे. त्यांच्या सभेचा एक नियम होता, तो दुसरीकडे कुठे नव्हता. पहिला बोलला की दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, तेही ‘मी’ म्हणून, त्याच्याच जागी उभं राहून. समोरचा ‘बरोबर’ म्हणेल तेव्हाच आपली बाजू. तो ‘बरोबर’ म्हणत नसेल तर पुन्हा मांडायचं. भल्याभल्या वक्त्यांची त्यात दमछाक होई. प्रेमिला मॅट्रिकला असताना त्या सभेत दोनदा बोलली होती आणि दोन्ही वेळा रडकुंडीला आली होती.

तिने भैय्याजींना एक कार्ड टाकलं. पुढचं भैय्याजींनी बघितलं. ते धोंडबाला म्हणाले, हवालदार सभेला यायला घाबरतात. हवालदारांना निरोप धाडला, धोंडबा म्हणतो तुम्ही यायचे नाही. दोघेही सरळ गळाला लागले.

आनंदरावांनी वही आणली. रोज सकाळी ते ओट्यावर बसून भाषण लिहीत आणि लसूण सोलत बसलेल्या सुनेला वाचून दाखवत. “सदर जमाव हिंसक बनल्याने” अशी सुरुवात. प्रेमिला हूं हूं करायची. तिला या माणसाचा फार लळा होता. जन्मात कधी पिशवी घेऊन बाजारात न गेलेले हवालदार, सून गरोदर आहे कळल्यापासून शर्टाच्या खिशात चिंच घालून घरी येत, आणि सासू सिंधूताईंची नजर चुकवून ती फडताळात ठेवत. गोळीबाराच्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. नुसतं तिच्याकडे पाहून म्हणाले होते, “पोरी, म्या वर झाडली. हवेत.” बापाच्या पायाची पट्टी बदलताना तिने ते त्यालाही सांगितलं होतं, आणि परत आल्यावर रात्री तिला झोप लागायची ती त्या एका वाक्यावर.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचला वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या पडल्या. बायकांच्या सतरंजीवर भिंतीला टेकून प्रेमिला बसली, शेजारी सिंधूताई. एवढी गर्दी तिथे कधी झाली नव्हती. भैय्याजींनी पितळी घंटी वाजवली आणि विषय वाचला: गोळीबाराचा दोष कोणाचा?

धोंडबा काठीवर भार देऊन उभा राहिला आणि थोडक्यात बोलला. भाषण करण्याची त्याला सवय नव्हती. मग आनंदरावांची पाळी. त्यांनी वही उघडली.

सदर इसमाचं म्हणणं असं की, अशी त्यांनी सुरुवात केली. धोंडबा म्हणाला, मी इसम नाही, धोंडबा आहे. लोक हसले. भैय्याजींनी घंटी वाजवली. आनंदरावांनी घसा साफ करून पुन्हा धरलं, मी धोंडबा, मी त्या जमावात सामील होतो. धोंडबाने मान हलवली. जमाव नव्हता, रांग होती. पुन्हा घंटी. तिसऱ्या वेळी त्यांची गाडी ‘सौम्य लाठीमार’ या शब्दावर अडली, तेव्हा धोंडबाने सदऱ्याची बाही वर केली आणि कोपराजवळचा व्रण भैय्याजींना दाखवला. हवालदारांनी तीस वर्षं ज्या भाषेत रोजनामे लिहिले, त्या भाषेत हा माणूस बसतच नव्हता.

शेवटी त्यांनी वही मिटली आणि खाली ठेवली.

“मी धोंडबा,” ते म्हणाले. “मी पहाटेपासून रांगेत उभा हावो. घरी चूल पेटवून बायको वाट पाहून राह्यली. दुकान बंद हाय, अन् मागच्या दारानं पोते चालले ते मले दिसून राह्यलं. मी इचारलं, तं मले काठी बसली. मंग कोणीतरी गोटा मारला. म्या नाई मारला. माह्या हातात पिशवी होती. मी पळालो, अन् पळत्या माणसाच्या पायात गोळी घातली. पडल्यावर मान वळवली, तं समोर माहा इवाई उभा होता.”

धोंडबाने वर केलेली बाही खाली ओढली.

“बरोबर,” तो म्हणाला.

प्रेमिलाच्या डोळ्यांना धार लागली. सिंधूताईंनी पदराचं टोक तिच्या हातात दिलं.

मग आनंदरावांनी आपली बाजू सांगितली, तीही वही न उघडता, आणि बंदूक उचलली इथवर येऊन ते थांबले. त्यानंतर त्यांचं म्हणणं मांडायची पाळी धोंडबाची. त्याला वेळ लागला नाही. चार महिने तो मागावर बसून बहुतेक हेच घोळवत असावा.

“मी आनंदराव,” तो म्हणाला. “तीस वर्सं नोकरी केली, कोणाचा एक पैसा खाल्ला नाई. त्या दिशी माह्या बाजूच्या जवानाच्या, ओमपरकाशच्या, डोळ्यावर गोटा बसला. त्याचा डोळा माह्यासमोर गेला. सायबानं हुकूम देल्ला. हुकूम मी देल्ला नाई, अन् पोतेही मी इकले नाई. पण लोकायच्या शिव्या मलेच. म्या बंदूक उचलली. समोर माह्याच जुन्या वस्तीतले लोक होते.” इथे तो थांबला आणि व्याह्याकडे पाहिलं. “म्हणून म्या वर झाडली. हवेत.”

झालं, प्रेमिलाच्या मनात आलं, सुटलो. आता फक्त एक शब्द. भैय्याजींचा हातही घंटीवरून उचलला गेला होता. आनंदरावांनी ‘बरोबर’ म्हणायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि उद्या सकाळी बाप दारात. बायकांच्या सतरंजीवरून ती मनातल्या मनात सासऱ्यांना ढकलत होती. म्हणा मामाजी, म्हणा.

आनंदरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरली.

“नाई,” ते म्हणाले. “हवेत नाई. कमरेखाली मारा, असा हुकूम होता. म्या कमरेखाली मारली. घरी हवेत सांगतलं, ते खोटं होतं.” त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं आणि नजर परत घेतली. “सहा जण होतो. कोणाची कोणाले लागली, मले ठावूक नाई. पण माही नसन, असं मले म्हणता येत नाई.”

भैय्याजींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नियम बाजूला ठेवायचा विचार केला. ते हळूच म्हणाले की धोंडबा, राहू द्या, सभा इथेच थांबवू. धोंडबा म्हणाला, राहू कसं द्या, नियम आहे. आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन त्याने पुन्हा सुरुवात केली, मी आनंदराव, इथपासून. डोळा, हुकूम, पोती, सगळं पुन्हा. शेवटी म्हणाला, “म्या कमरेखाली मारली. कोणाले लागली ते मले दिसलं नाई. तवापासून मले झोप नाई.”

झोपेचं कोणी सांगितलं नव्हतं. आनंदरावांनी नुसती मान हलवली. भैय्याजींनी विचारलं तेव्हा कुठे तोंडातून शब्द आला.

“बरोबर.”

दर सभेनंतर हात वर करून मतं घ्यायची पद्धत होती. त्या दिवशी ती कोणाला आठवली नाही.

परतताना रिक्षात प्रेमिला रस्त्याकडे तोंड करून बसली. तिला राग आला होता. चार महिने या माणसाने आपल्याला खोट्यावर निजवलं, याचा राग. आणि बोलायचंच होतं तर आजच का, याचाही. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? आता बाप येणं शक्य नव्हतं. आनंदरावांनी घरी आल्यावर खिशातली चिंच फडताळात ठेवली आणि ते अंगणात जाऊन बसले. त्यांची ती पाठ पाहून तिचा राग निम्मा झाला, आणि निम्म्या रागाचा तिला फार त्रास झाला. इथेच बाळंत होते, असं सासूला सकाळी सांगायचं तिने ठरवलं.

सकाळी ती ते सांगायला तोंड उघडणार, तोच दारात रिक्षाची घंटी वाजली.

धोंडबा उतरला. धुतलेलं धोतर, हातात काठी. घराला दोनच पायऱ्या होत्या, पण पहिलीशी येऊन तो थांबला. पाय उचलत नव्हता. आनंदराव धावत बाहेर आले, हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला. आपला हात चालेल की नाही, ते त्यांना कळेना.

“पाहून काय राह्यले गा?” धोंडबा म्हणाला. “हात द्या.”

आनंदरावांनी त्याला खांद्याचा आधार देऊन दोन्ही पायऱ्या चढवल्या. सिंधूताईंनी पाणी आणलं. धोंडबाने ग्लास रिकामा केला आणि आणखी एक मागून घेतला. मग चहा झाला. कालच्या सभेचा विषय कोणी काढला नाही. मिलोची भाकरी कशात मळली म्हणजे फाटत नाही, यावर मात्र दोन्ही व्याह्यांचा कडाक्याचा वाद झाला, आणि दोघांनाही भाकरी येत नसल्यामुळे तो मिटला नाही. निघताना प्रेमिला सासऱ्यांच्या पाया पडायला वाकू लागली, तर त्यांनी वाकू दिलं नाही. फडताळातली चिंचेची पुडी आणून तिच्या हातात ठेवली. तिने ती घेतली आणि त्यांचा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

रिक्षा चौकाच्या पुढे गेल्यावर तिने विचारलंच. “बाबा, मामाजीनं चुकलं असं तं म्हटलंच नाई. तरी काहून आले तुमी?”

धोंडबा पाय लांब करून बसला होता. “पडलो तवाच पाह्यलं होतं वं. त्याची नळी खाली होती.”

प्रेमिला त्याच्याकडे वळली. “मंग काल हवेत काहून म्हटलं?”

“म्हटलं, त्याले ते खोटं पायजे असन तं देईन. तुह्यासाठी देईन.”

“अन् मामाजीनं घेतलं असतं तं?”

“तरी आलो असतो. तुले न्यायले कोण येणार दुसरं?” धोंडबाने तिच्या हातातली पुडी उघडली आणि चिंचेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. “पण पाणी नसतो प्यालो त्याच्या घरचं.”