राज्यपालांच्या बंधाऱ्याची गळती

लिंबारवाडीच्या वीरधवल भावजींनी लष्करात इंजिनिअर म्हणून जन्म घालवला. बर्फात रस्ते केले, नद्यांवर पूल टाकले, डोंगर पोखरून बोगदे काढले, आणि कॅप्टनचे जनरल होत होत शेवटी लांबच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल झाले. राज्यपाल म्हणजे नेमकं काय, ते मनुबाईंनी टीव्ही बघून समजून घेतलं. मोठ्या बंगल्यात राहायचं, पुढं येईल त्या कागदावर सही करायची, आणि कुणी काही मागितलं की सरकारकडं बोट दाखवायचं. त्यांच्या सासूबाईंनी हीच नोकरी घरात वीस वर्षं केली होती, तीही बिनपगारी.

मनुबाई म्हणजे भावजींच्या चुलतभावाची बायको. नात्यानं वहिनी, त्यामुळं थट्टा करायचा हक्क होता. भावजींच्या सगळ्या कारकिर्दीत मनुबाईंच्या उपयोगाचं काम एकच झालं, आणि तेही बिघडलेलं.

कॅप्टन असताना भावजी रजेवर आले आणि गाव गोळा करून त्यांनी ओढ्यावर दगडी बंधारा बांधला. डाव्या कोपऱ्यात पाया खडकाला टेकलाच नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिथून पाणी झिरपायला लागलं. भावजींचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, कुठं बोलू नका," म्हणाले. मनुबाई कशाला बोलतील? तो झिरपा थेट त्यांच्या विहिरीला लागला होता. सारा खटाव तालुका टँकरची वाट बघायचा, तेव्हा यांची मोटर चालू असायची. भावजी मात्र प्रत्येक मुलाखतीत हाच बंधारा सांगायचे. "माझं पहिलं काम. चाळीस वर्षांत थेंब गळला नाही." आणि मनुबाई त्याच गळतीचं पाणी पीत पीत ते ऐकायच्या.

यंदा गावानं राज्यपालांचा सत्कार ठरवला, सोबत बंधाऱ्याचं जलपूजन. जलपूजन खरं तर भादव्यात व्हायचं, पण राज्यपालांची तारीख मिळाली दिवाळीनंतर. तोवर पाणी टिकायला पाहिजे. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाचा बंधारा गळताना दिसणं बरं नव्हे. सरपंच जयराजनं ठेकेदार आणून डाव्या कोपऱ्यात कॉन्क्रीट ठासलं. बंधारा तुडुंब राहिला आणि मनुबाईंची विहीर तळाला गेली. मोटर दहा मिनिटांत हवा ओढू लागली. दीड एकर आल्याचं पीक पिवळं पडायला लागलं.

मनुबाई जयराजकडं गेल्या.

"काकी, कार्यक्रम तरी हू द्या," जयराज म्हणाला. "आन् राज्यपालांच्या बंधाऱ्याला भोक पाडाय परवानगी कोण देणार? तीन खात्यांच्या सह्या लागत्याल."

आल्याच्या पिकात तीन खात्यांपर्यंत थांबायचा दम नव्हता. मनुबाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

कार्यक्रमाच्या दिवशी पाण्याची ओटी भरायचा मान घरातली थोरली म्हणून मनुबाईंना मिळाला. हातात खण, नारळ, हळदीकुंकवाचं ताट. भावजी गाडीतून उतरले. केस पांढरे, पाठ अजून ताठ. बाजूला कलेक्टर, मागं बंदूकवाले. भावजींनी हात जोडले तशा मनुबाई हळूच म्हणाल्या, "भावजी, हितं कसली वटी भरायची? माझी विहीर कोरडी पडलीया. तुमची गळती बुजवली ह्यांनी."

भावजींनी डाव्या कोपऱ्याकडं पाहिलं. नवं कॉन्क्रीट उन्हात चमकत होतं.

"कुणी बुजवली?"

"आमीच, साहेब," जयराज छाती काढून म्हणाला. "तुमच्या नावाला बट्टा नको म्हनून."

मनुबाईंच्या मनात आलं, चाळीस वर्षं जपलेली अब्रू दीड एकर आल्यासाठी कोण सोडतं? मग भावजींनी माईक मागितला. लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं.

"हा बंधारा बांधला तेव्हा माझी रजा वीस दिवसांची होती," ते म्हणाले. "पाया खडकापर्यंत न्यायला आणखी आठवडा लागला असता. मी नेला नाही. बंधारा पहिल्या वर्षापासून गळतो, आणि मी चाळीस वर्षं खोटं बोलत आलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय हा विनय, एवढा मोठा माणूस पण जमिनीवर पाय, असं लोक एकमेकांना सांगू लागले. भावजींनी पुन्हा सांगितलं, तशा टाळ्या आणखी वाढल्या. ते कॉन्क्रीट फोडता येईल का, असं त्यांनी कलेक्टरांना विचारलं, तर कलेक्टर अदबीनं म्हणाले, "सर, प्रस्ताव मागवून घेतो."

इथं सही करायलाही हे राज्य त्यांचं नव्हतं.

भावजी काठाकाठानं बंधाऱ्याच्या पायथ्याशी उतरले. मनुबाई ताट घेऊन मागोमाग. त्यांनी कॉन्क्रीटवर बोटानं टकटक केलं, कान लावला, आणि ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवून एका जागी ठळक फुली मारली.

"ठेकेदारानं सिमेंट खाल्लंय, वहिनी. थर पातळ हाय," ते पुटपुटले. "पहार हितं मारायची, तिरकी. धार लागली की हात थांबवायचा. त्याच्या फुडं एक घाव न्हाई."

वर उभ्या असलेल्या गावाला वाटलं, साहेबांनी आपल्या पहिल्या कामाची पूजा केली. गाड्या गेल्यावर फुलीवर हार चढला, उदबत्ती लागली, दोघातिघांनी डोकंही टेकलं.

दुपारी चारला मनुबाई पहार घेऊन आल्या. हार काढून बाजूला ठेवला आणि पहिला घाव घातला. आवाज ऐकून जयराज धावत आला.

"काकी, काय करताय? राज्यपालांनी पुजलेली जागा हाय ती."

"व्हय. फुली कशाला मारली आसंल त्यांनी? इचार त्यांनाच."

जयराजनं खिशातून फोन काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला. राज्यपालांना फोन लावून असलं विचारायची त्याची छाती झाली नाही. नवव्या घावाला मनगटाएवढी धार सुटली. मनुबाईंनी पहार खाली ठेवली आणि पाणी आपल्या वाटेनं विहिरीकडं निघालेलं बघत राहिल्या.

दिवेलागणीला फोन आला. भावजी विमानतळावर होते, मागं गलका ऐकू येत होता.

"वहिनी, गळतंय का?"

"गळतंय."

"किती?"

"पयल्यासारखं."

भावजी म्हणाले, "बरं झालं. आता आल्याला पाणी द्या."